सेकंदांचे जेल आणि चौदा वर्षे

मांसाचा एक मोठा तुकडा. त्याला नळी जोडलेली आणि नळीतून रक्त सोडलेले. सुरीने काप देताच रक्त भळाभळा वाहू लागते. मग सिरिंज धरलेला एक हात पुढे येतो, घट्टसर जेल त्या कापात भरतो आणि काही सेकंदांत रक्त थांबते. दहाएक वर्षांपूर्वी अशा प्रात्यक्षिकाची चित्रफीत जगभर फिरली. तिच्याबरोबर फिरलेली बातमीही तितकीच चटकदार होती: सतरा वर्षांच्या मुलाने रक्त थांबवणारे जेल शोधले!

त्या मुलाचे नाव जो लँडोलिना. तो २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत शिकायला आला होता. आजोबांची वायनरी होती, तिथल्या प्रयोगशाळेत लहानपणापासून लुडबुड करायची मुभा होती, त्यामुळे काचेची भांडी आणि रसायने त्याला नवी नव्हती. कॉलेजच्या पहिल्या वर्षातच वनस्पतिजन्य बहुवारिकांपासून जखमेवर चिकटणारे जेल बनवण्याची कल्पना त्याने मांडली आणि आयझॅक मिलर या सहविद्यार्थ्याबरोबर कंपनी काढली. पुढे त्याने रासायनिक व जैवरेणू अभियांत्रिकीची पदवी आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली. कंपनीचे पहिले नाव सनेरिस, आताचे क्रेसिलॉन. पत्ता न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन. २०१४ मध्ये ‘टेड’च्या व्यासपीठावर त्याने हे जेल जगाला दाखवले, तेव्हा तो अवघ्या विशीतला होता.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने गोष्ट इथे संपली. पण माणसाच्या मोठ्या, वाहत्या जखमेवर हे जेल वापरायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे तिथल्या एफडीएची, परवानगी मिळाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. सतरा वर्षांचा मुलगा तेव्हा तिशी ओलांडून गेला होता. मधल्या चौदा वर्षांबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. त्या वनवासात रावण नाही, सोन्याचे हरीण नाही. आहेत त्या चाचण्या, नोंदवह्या, निर्जंतुकीकरणाचे अहवाल आणि कारखान्यातल्या टाक्या. तरीही या तरुणाकडून शिकण्यासारखे जे काही आहे, ते बहुतेक सगळे याच कंटाळवाण्या भागात आहे.

आधी जेल काय करते ते पाहू. बोट कापले की रक्तातल्या बिंबिका कापलेल्या जागी गोळा होतात, एकमेकींना चिकटतात आणि तात्पुरते बूच बसवतात. पाठोपाठ रक्तातल्या प्रथिनांची साखळी सुरू होते आणि शेवटी फायब्रिनचे धागे विणले जातात. त्या जाळीत रक्तपेशी अडकून गुठळी पक्की होते. किरकोळ जखमेत या सगळ्याला काही मिनिटे लागतात आणि ती आपल्याजवळ असतात. मांडीतली मोठी धमनी तुटली तर नसतात. शरीरात साधारण पाच लिटर रक्त. त्यातले दोनेक लिटर गेले की जीव धोक्यात येतो. धमनीतून दाबाने येणारे रक्त तयार होऊ पाहणारी गुठळी दर ठोक्याला धुऊन नेते. बूच बसण्याआधीच वाहून जाते, ही खरी अडचण आहे.

ट्रॉमाजेल या नावाने परवानगी मिळालेल्या या उत्पादनात सोडियम अल्जिनेट आणि कायटोसान हे दोन मुख्य घटक आहेत. दोन्ही नावे अवघड वाटली तरी पदार्थ जुने आहेत. अल्जिनेट तपकिरी समुद्रशैवालातून मिळते. दंतवैद्य दातांचा साचा घेताना जो थंडगार लगदा तोंडात भरतात, तो याचाच. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या किंवा बुरशीतल्या कायटिनपासून करतात. अल्जिनेटच्या रेणूंवर ऋण भार असतो, कायटोसानवर धन. त्यामुळे ते एकमेकांना धरून राहतात. ओल्या, रक्ताळलेल्या पृष्ठभागाला चिकटून जखमेवर बांध घालायचा आणि बांधामागे शरीराला स्वतःची गुठळी बांधायला उसंत द्यायची, असा हा प्रकार. रक्त गोठवण्याचे मूळ काम शरीरच करते. जेल आधीच सिरिंजमध्ये भरलेले असते, त्यामुळे मिसळायला, ढवळायला वेळ लागत नाही. गोळी घुसल्यावर होते तशी जखम तोंडाशी अरुंद आणि आत खोल असेल तर तिथे पट्टी कोंबण्यापेक्षा जेल भरणे सोपे, हा त्यामागचा हिशेब.

हिशेब साधा असेल, तर चौदा वर्षे कशाला? इथे या क्षेत्राचा थोडा इतिहास पाहावा लागतो, कारण रक्त थांबवणाऱ्या पदार्थांनी याआधी चांगलेच हात पोळून घेतले आहेत, काही वेळा अगदी शब्दशः.

फ्रँक हर्सी या अमेरिकी अभियंत्याने १९८० च्या दशकात झिओलाइट या खनिजाचा एक उपयोग हेरला. झिओलाइट म्हणजे कोविडकाळात जिल्हा रुग्णालयांच्या आवारात जे प्राणवायू प्रकल्प उभे राहिले, त्यांत हवेतून नायट्रोजन शोषून घेणारे खडे. हे खनिज पाणीही शोषते. जखमेवर टाकले तर रक्तातले पाणी शोषले जाईल, बिंबिका आणि गोठवणारी प्रथिने दाट होतील आणि रक्त लवकर थांबेल, हा तर्क बरोबर निघाला. ‘क्विकक्लॉट’ नावाने हे दाणे २००२ मध्ये अमेरिकेत संमत झाले आणि इराक-अफगाणिस्तानात सैनिकांच्या पिशवीत गेले. पण झिओलाइट पाणी शोषताना तापते. रक्त थांबले, पण काही जखमींच्या जखमेभोवती भाजल्याच्या इजा झाल्या. पुढे दाण्यांची जागा केओलिन या मऊ पांढऱ्या मातीने भरलेल्या गॉझपट्टीने घेतली. ती तापत नाही आणि काम झाले की अख्खी ओढून काढता येते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. ‘वूंडस्टॅट’ नावाची चिकणमातीची पूड प्रयोगशाळेत फारच चांगली ठरली होती. अमेरिकी लष्कराने २००८ मध्ये ती निवडली. पण पुढच्या प्राण्यांवरील अभ्यासांत दिसले की मातीचे कण रक्तवाहिनीत राहतात, तिच्या आतल्या आवरणाला इजा करतात आणि तिथे नको त्या गुठळ्या होतात. २००९ मध्ये लष्कराने तिचा वापर बंद केला. म्हणजे जी पूड रक्त उत्तम थांबवत होती, तीच गुठळी करून नंतर जीव घेऊ शकत होती. मांसाच्या तुकड्यावरच्या चित्रफितीत ही गोष्ट कधीच दिसली नसती. चित्रफीत संपते तिथे जखमीचा पुढचा आठवडा सुरू होतो. जेल पूर्ण निघते का? राहिले तर शरीर त्याचे काय करते? शल्यचिकित्सकाला जखम पुन्हा उघडायची असेल तेव्हा ते आड येते का? उन्हात तापलेल्या रुग्णवाहिकेत सिरिंज सहा महिने पडून राहिली तर त्याचे गुण टिकतात का? आणि प्रयोगशाळेतल्या वाटीत एकदा जमलेले मिश्रण कारखान्याच्या टाकीत दर वेळी तस्सेच जमते का?

शेवटचा प्रश्न बाहेरच्यांना क्षुल्लक वाटतो, पण बहुतेक वैद्यकीय स्टार्टअपांची दमछाक इथेच होते. समुद्रशैवाल हा नैसर्गिक माल. तो कोणत्या किनाऱ्यावरचा, कोणत्या ऋतूतला, यावर त्यातल्या रेणूंची लांबी आणि चिकटपणा बदलतो. आंब्याच्या दोन पेट्यांची चव सारखी नसते, तसेच हे. आमरस करणाऱ्याला तेवढा फरक चालतो; धमनी बंद करणाऱ्याला चालत नाही. म्हणून कच्चा माल पारखणे, मिश्रण दर वेळी एकसारखे करणे, ते निर्जंतुक करताना त्याचा चिकटपणा न गमावणे, या सगळ्याची एक वेगळीच विद्या असते. ‘शोध’ हा शब्द आपण फक्त पहिल्या वाटीसाठी राखून ठेवला आहे. तो या टाक्यांनाही लावायला हरकत नसावी.

या काळात कंपनी जगली कशी, हाही भाग मोठा रंजक आहे. लँडोलिनाने माणसांआधी प्राण्यांचे दार ठोठावले. कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेत रक्त थांबवण्यासाठी ‘व्हेटिजेल’ हे उत्पादन आणायचे ठरले. त्याला व्यवहाराचे कारण होते. अमेरिकेत प्राण्यांसाठीच्या वैद्यकीय साधनांना बाजारात आणण्यापूर्वी एफडीएची मंजुरी घ्यावी लागत नाही. ते सुरक्षित असण्याची जबाबदारी उत्पादकावर असते. म्हणजे तिथे थोडी विक्री करता येते, पशुवैद्यांच्या हातून अनुभव मिळतो आणि कारखाना चालवायला शिकता येते. तरीही व्हेटिजेल पशुवैद्यांच्या हाती पडायला सुरुवातीच्या घोषणांपेक्षा कितीतरी अधिक वर्षे लागली. मग जून २०२३ मध्ये माणसांच्या किरकोळ, वरवरच्या जखमांसाठी परवानगी आली आणि त्यानंतर वर्षभराने मध्यम ते तीव्र बाह्य रक्तस्रावासाठी. प्राणी, मग माणसाचे खरचटणे, मग माणसाची धमनी. घाईच्या जमान्यात ही पायरी-पायरीची चाल कोणाला भित्री वाटेल. वूंडस्टॅटचा इतिहास माहीत असलेल्याला ती शहाणपणाची वाटावी.

मात्र कौतुक करतानाही एक गोष्ट स्पष्ट ठेवायला हवी. एफडीएची ही परवानगी ज्या मार्गाने मिळाली त्याला ‘५१०(के)’ म्हणतात. त्यात नवे साधन आधीच बाजारात असलेल्या साधनाशी ‘सारभूतपणे समतुल्य’ आहे एवढे दाखवावे लागते. त्याने अधिक जीव वाचतात हे माणसांवरच्या मोठ्या चाचणीने सिद्ध करण्याची अट सहसा नसते. या मार्गावर अमेरिकेतच टीका झाली आहे. २०११ मध्ये तिथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’च्या समितीने हा मार्ग सुरक्षितता आणि परिणामकारकता तपासण्यासाठी रचलेलाच नाही, असा निष्कर्ष काढून तो बदलण्याची शिफारस केली होती. त्यामुळे ‘एफडीएची मोहोर’ म्हणजे अंतिम निकाल नव्हे. शिवाय परवानगी आहे ती तात्पुरत्या, बाहेरून करायच्या वापरासाठी. फुटलेल्या प्लीहेतून पोटात साचणाऱ्या रक्तापुढे किंवा डोक्याच्या आतल्या रक्तस्रावापुढे हे जेल हतबल आहे. केओलिनच्या गॉझपट्टीपेक्षा ते रस्त्यावर, दंगलीत, युद्धात खरोखर सरस ठरते का, हे रुग्णवाहिकांमधून येणाऱ्या नोंदीच सांगतील. तोवर ‘चमत्कारी जेल’ हे विशेषण बाजूला ठेवलेले बरे.

ही सावधगिरी अनाठायी नाही. लँडोलिना टेडच्या मंचावर उभा होता त्याच वर्षी अमेरिकेत आणखी एका तरुण वैद्यकीय उद्योजिकेचे गोडवे गायले जात होते. एलिझाबेथ होम्सने २००३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, स्टॅनफर्डचे शिक्षण सोडून थेरानोस काढली. रक्ताच्या काही थेंबांत शेकडो तपासण्या, असा तिचा दावा होता. कंपनीचे मूल्य ९ अब्ज डॉलरवर गेले, तेव्हाही यंत्र आतून काय करते हे स्वतंत्र तज्ज्ञांना कोणी दाखवले नव्हते. २०१५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने भांडे फोडले, २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल ती दोषी ठरली आणि तिला अकरा वर्षांहून अधिक कैद झाली. दोघांच्या बातम्यांची सुरुवातीची कात्रणे शेजारी ठेवली तर विशेषणे जवळपास तीच सापडतील. वय, कॉलेज, ‘जग बदलणार’ वगैरे. फरक विशेषणांत नव्हता. एकाने आपले उत्पादन तपासणाऱ्यांच्या हवाली केले आणि वर्षानुवर्षे थांबला. दुसरीने तपासणीच टाळली. बातमी लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला हा फरक पहिल्या दिवशी ओळखायचा असेल, तर विचारायचे प्रश्न साधे आहेत: कोणी तपासले, कशावर तपासले, अपयश कुठे आले?

आपल्याकडे हे प्रश्न फारसे विचारले जात नाहीत. दहावीतल्या, अकरावीतल्या विद्यार्थ्याने अमुक यंत्र ‘शोधल्या’च्या बातम्या दर विज्ञान प्रदर्शनानंतर छापून येतात. हार, सत्कार, आमदारांसोबत छायाचित्र. वर्षभराने त्या यंत्राचे काय झाले हे विचारायला कोणी जात नाही. मुलांचे कौतुक व्हावेच. पण ते संपते तिथे मदतही संपते, हे वाईट.

आणि रक्तस्राव हा काही आपल्यासाठी दूरच्या युद्धाचा विषय नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला, म्हणजे दर तासाला एकोणीस. महाराष्ट्राचा वाटा १५ हजारांहून अधिक. यांतले बरेच मृत्यू डोक्याच्या इजेचे असतात, ते कोणत्याही जेलने टळणार नाहीत. पण हातपाय चिरडून, धमनी तुटून वाटेतच रिकामे होणारेही असतात. अमेरिकी लष्कराच्या २००१ ते २०११ या काळातील मृत्यूंचा जो अभ्यास झाला, त्यात रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी झालेल्या आणि टाळता येण्याजोग्या मृत्यूंपैकी सुमारे ९० टक्के रक्तस्रावाने झाल्याचे आढळले. रणांगण आणि महामार्ग एक नव्हेत, तरी वाटेतल्या मिनिटांचे मोल दोन्हीकडे तेच.

या विषयात भारतीय उद्योजक नाहीत असेही नाही. ‘अॅक्सिओ बायोसोल्युशन्स’ या कंपनीने कायटोसानची ‘अॅक्सिओस्टॅट’ ही रक्त थांबवणारी पट्टी भारतातच विकसित केली आणि ती सुरक्षा दलांपर्यंत पोहोचली. कंपनीचा संस्थापकही जैववैद्यकीय अभियंताच. मुंबईच्या आयआयटीत २०१४ पासून ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र चालते. राज्य सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळावर ते उभे राहिले, पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी त्याला जोडले गेले. डॉक्टर अडचण सांगतो आणि अभियंता त्यावर उपाय घडवतो, ही तिथली पद्धत उत्तम आहे. म्हणजे कल्पनांचा आणि पोरांचा दुष्काळ नाही.

कमतरता आहे ती मधल्या वर्षांच्या सोबतीची. केंद्राच्या ‘बायरॅक’ या संस्थेचे नवउद्योजकांसाठीचे ‘बिग’ हे अनुदान ५० लाखांपर्यंत, दीड वर्षासाठी. कल्पना चालते एवढे दाखवायला ते पुरते आणि अनेकांना त्याने उभे केले आहे. पण लँडोलिनाचा हिशेब दीड वर्षाचा नव्हता. त्यानंतरच्या प्राण्यांवरील चाचण्या, उत्पादनाची गुणवत्ता, रुग्णालयांतले अभ्यास यांसाठी पैसा लागतो तो संयमी. आणि आपल्याकडचा गुंतवणूकदार अॅपवाल्याकडून तीन वर्षांत परतावा मिळवायला शिकला आहे. रक्त थांबवणाऱ्या पट्टीला तो त्याच घड्याळावर मोजतो.

नियमांचेही असेच. भारतात २०२० पर्यंत मोजकीच वैद्यकीय साधने कायद्याच्या कक्षेत होती. १ एप्रिल २०२० पासून व्याख्या रुंदावून सगळीच साधने औषधांच्या कायद्याखाली आणली गेली, आणि त्या व्याख्येत माणसांबरोबर प्राण्यांसाठीची साधनेही आहेत. हे योग्यच झाले. वूंडस्टॅटसारखी पूड आपल्या बाजारात कोणी बिनतपासणीची विकू नये, एवढी तरी आशा ठेवता येते. पण त्याचा अर्थ असा की अमेरिकेतल्या तरुणाला मिळालेली पशुवैद्यकाची बाजूची वाट इथल्या तरुणाला तशी मोकळी नाही. त्याला पहिल्या दिवसापासून नियमांच्या मुख्य दरवाजातूनच जायचे आहे. मग त्या दरवाजाशी त्याला वाट सांगणारा कोणी हवा. हजारो रुपये तासाला घेणारा सल्लागार नव्हे, तर अभियांत्रिकी महाविद्यालयातच उपलब्ध असलेला नियमांचा जाणकार. जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात सिग्नल प्रोसेसिंगला जेवढे तास मिळतात, त्याच्या निम्मे जरी गुणवत्ता व्यवस्थापन आणि चाचण्यांच्या आखणीला मिळाले, तर अंतिम वर्षाचे प्रकल्प माळ्यावर जाऊन पडायचे प्रमाण कमी होईल.

एवढे करून उत्पादन तयार झालेच, तर ते घेणार कोण? राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा चालते. ९३७ रुग्णवाहिकांनी तिची सुरुवात झाली. अशी सेवा हाच रक्त थांबवणाऱ्या साधनांचा सर्वांत मोठा ग्राहक असायला हवा. पण सरकारी खरेदीत सर्वांत कमी बोली जिंकते आणि साध्या कापसाच्या गॉझशी कोणतीही औषधी पट्टी किमतीत टिकत नाही. निविदेत ‘गॉझ’ एवढाच शब्द असेल तर मिळेल तीही गॉझच. कोणत्या जखमेला काय वापरायचे, याचा शास्त्रीय निकष आधी ठरवून तो निविदेत उतरवणे हे आरोग्य खात्याचे काम. स्टार्टअपना पुरस्कार देण्यापेक्षा ते अवघड आहे, कारण त्यात छायाचित्र निघत नाही.

आणि रुग्णवाहिका येईपर्यंतचे काय? तिथे जेल नसते, पट्टी नसते, असतो तो रस्त्यावरचा माणूस. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने इजेनंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणून स्थान मिळाले आणि जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसी-न्यायालयीन जाचापासून कलम १३४अ ने संरक्षणही दिले. हे अजून अनेकांना माहीत नाही. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून, मध्ये उचलून न बघता दाब द्यायचा असतो. हात किंवा पाय तुटून रक्ताची चिळकांडी उडत असेल तर जखमेच्या वरच्या बाजूला रुंद पट्टा घट्ट आवळून वेळ लिहून ठेवायची असते. ट्रॉमाजेल वापरणाऱ्या प्रशिक्षित माणसालाही हे आधी यावे लागते. शाळेत, वाहन परवान्याच्या वेळी, एसटीच्या चालक-वाहकांच्या प्रशिक्षणात हे शिकवायला कोणत्याही परवानगीची चौदा वर्षे वाट पाहावी लागत नाही.